केप टाउनचं जांभळं झुडूप : वाटाण्याच्या कुळातलं की पॉलिगॅला?

सागरिका_केप :

नमस्कार मंडळी. निसर्ग विभागात मी एरवी वाचनमात्र असते, पण आज नेमकं विचारायचंय म्हणून धागा काढतेय.

मी मूळची रत्नागिरीची. सध्या मुक्काम दक्षिण आफ्रिकेत, केप टाउनच्या दक्षिणेला फॉल्स बेच्या किनाऱ्यालगत. इथल्या चार-पाच मराठी घरांतल्या मुलांना सुट्टीच्या दिवशी घेऊन फिरते आणि दिसलेल्या झाडांची वर्णनं मराठीत वहीत लिहून ठेवते. मुलं मराठी बोलतात, पण वाचायला त्यांच्या आजूबाजूचं असं मराठीत काही नसतं, म्हणून हा उद्योग.

किनाऱ्याच्या वाळूच्या टेकड्यांवर एक झुडूप आहे. माझ्या डोक्याच्या वर जातं, खालपासून फांद्या फुटून दाट होतं. पानं साधी, लांबट, बोटाच्या दोन पेरांएवढी, हिरवी कुळकुळीत. फुलं फांद्यांच्या टोकाला घोळक्याने येतात, रंग जांभळा आणि त्यात गडद शिरा. बारा महिने एखाद-दुसरं फूल असतंच, पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे इथल्या वसंतात, झुडूप नुसतं लदलदतं. इथले लोक त्याला सप्टेंबरबॉसी म्हणतात. नाव विचारलं की सगळे पॉलिगॅला मिर्टिफोलिया सांगतात, तिथवर ठीक.

माझा प्रश्न वर्गीकरणाचा आहे. फुलाची ठेवण थेट वाटाण्याच्या किंवा तागाच्या फुलासारखी : दोन बाजूंना दोन पंख, मध्ये होडी. बारावीपर्यंत शिकलेलं मला अजून आठवतं, तसलं फूल म्हणजे शिंबावंत, म्हणजे शेंगांच्या झाडांचं कुल. पण पुस्तकात याचं कुल वेगळं दिलंय, पॉलिगॅलेसी. मग त्याच पुस्तकात गण (कुलांचा मोठा गट) मात्र फेबेल्स, म्हणजे वाटाण्याचाच! मुलांना काय सांगू? वाटाण्याच्या घरातलं की नाही?

दुसरं म्हणजे, आमच्या घराच्या कुंपणाला याच नावाची पाटी लावून नर्सरीतून आणलेली दोन झुडपं आहेत. ती जरा बुटकी, पसरट, फुलं जास्त किरमिजी. वर्षभर फुलतात, पण मी त्यांना कधी फळ धरलेलं पाहिलं नाही. टेकडीवरच्या झुडपांना मात्र चपटी फळं लागतात. जात एकच का?

टेकडीचा भाग राखीव आहे, तिथलं काही तोडत नाही. कुंपणातली फुलं हवी तितकी उघडून बघू शकते. काय बघायचं ते सांगा.

---

भटकभवानी :

गूगल लेन्सने बघितलंत का? फोटो टाका की.

---

सागरिका_केप :

फोटोवरून नाव मिळतं हो, ते मिळालंयच. मला फूल समजून घ्यायचंय.

---

कृष्णाकाठ :

सागरिकाताई, हे शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो. कोल्हापूर भागात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. दरवर्षी जुलै-ऑगस्टच्या सहलीत गवतातून पॉलिगॅला उचलून मुलांच्या हातावर ठेवायचो आणि हमखास वाटाण्याच्या कुळाचं नाव उत्तरात यायचं, "सर, पॅपिलिओनेसी!" त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे.

आधी फूल उघडू. एक ताजं, पूर्ण उमललेलं फूल घ्या, एक सुई आणि दहापट भिंग. पांढऱ्या कागदावर काम करा, म्हणजे सुटे भाग हरवत नाहीत.

बाहेरून आत चला. सगळ्यात बाहेर तीन लहान, हिरवट, कडेला जांभळट झाक असलेली दलं दिसतील. ती संदलं, म्हणजे कळी झाकणारी बाहेरची दलं. आता ते दोन मोठे जांभळे पंख धरा आणि बुडाशी कुठे जोडलेत ते नीट बघा. ते पाकळ्यांच्या ओळीत नाहीत, त्या तीन हिरव्या दलांच्याच वर्तुळात बसतात. म्हणजे पंख ही पाकळ्यांसारखी रंगलेली संदलं आहेत. तीन लहान अधिक दोन मोठी, मिळून पाच. वाटाण्यात पंख या खऱ्याखुऱ्या पाकळ्या असतात आणि पाचही संदलं बुडाशी जुळून हिरवा पेला करतात. पॉलिगॅलाला तसा पेला नाही. पहिली मेख इथेच आहे.

पंख काढून टाकलेत की उरतात तीन पाकळ्या. खालची एक होडीसारखी, तिला आपण नौतल म्हणतो. वरच्या दोन लहान, प्रत्येकीचे दोन भाग पडलेले. आता वाटाणा आठवा : वर एकच मोठी पताका, बाजूला दोन पंख, खाली दोन पाकळ्या कडेने चिकटून झालेला नौतल. एक-दोन-दोन. इथे वर दोन, खाली एक, आणि मधल्या दोन जवळजवळ नाहीशाच झालेल्या. होडी दोन्हीकडे आहे, पण वाटाण्याची दोन फळ्यांची आणि तुमची अखंड एका पाकळीची. टोकाशी चिकटल्याची रेघ भिंगातून शोधा, सापडणार नाही.

नौतलाच्या टोकाला पांढरट ब्रशासारखा झुपका असेल. बारीक बारीक फाटे फुटलेली ती झालर. ती दिसली की डोळे झाकून पॉलिगॅलाच्या दिशेने चालू लागायचं. वाटाण्याच्या कुळात नौतलावर असली झालर बघायला मिळत नाही.

आता सुईने नौतल हळूच खाली दाबा. आतून वाकडा किंजल, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, आणि पुंकेसर वर येतील. सोडलंत की पुन्हा आत जातील. केपमध्ये हे दाबण्याचं काम मुख्यतः भुंगे करतात, आपल्याकडे वाशांना भोकं पाडतात त्याच गोतावळ्यातले. भुंगा झालरीवर उतरतो, त्याच्या वजनाने नौतल खाली जातो आणि पराग त्याच्या अंगाला लागतात. बारकी माशी बसली तर दार उघडत नाही.

पुंकेसर मोजा. ८ भरायला हवेत. वाटाण्यात १०, त्यातले ९ एकत्र आणि १ सुटा. इथे आठही केसरतंतू खाली जुळून एक पन्हळ करतात, जी वरच्या बाजूने उघडी असते. परागकोश बघा, ते उभे चिरत नाहीत, टोकाशी छिद्र पडून पराग बाहेर येतात. हा भाग भिंगातून जरा चिकाटीने बघावा लागेल, पण सोडू नका. ज्याने हे एकदा बघितलं तो पुन्हा वाटाणा म्हणत नाही.

आणि शेवटचा, निर्णायक भाग. किंजपुट, म्हणजे ज्याचं पुढे फळ होतं तो भाग, आडवा कापा. दोन कप्पे दिसतील, प्रत्येकात एक बीजक, म्हणजे होऊ घातलेली बी. वाटाण्याचा किंजपुट एकाच किंजदलाचा, एक कप्पा, एका कडेने बीजकांची रांग, आणि म्हणून त्याची शेंग होते. पॉलिगॅलाचं होतं चपटं बोंड, वर खाच असलेलं, कडेला पातळ पंखासारखी किनार, आत दोनच बिया. शेंग नाही तर शिंबावंत नाही, इतकं मुलांना सरळ सांगा.

पानंही साक्ष देतात. साधी, अखंड, देठाशी उपपर्णं (छोटी जोडपानं) नाहीत. पान तोडून बघा, चीकही येणार नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग : मग गण एकच कसा?

गोष्ट जुनी आहे. लिनियसने १७५३ मध्ये ही जात नावानिशी प्रसिद्ध केली आणि आपल्या पुंकेसर मोजण्याच्या पद्धतीत पॉलिगॅला ठेवला डायाडेल्फिया या जुळलेल्या पुंकेसरांच्या वर्गात, आठ पुंकेसरांच्या गटात. वाटाणाही डायाडेल्फियातच, पण दहाच्या गटात. म्हणजे त्याच्या कपाटात दोघे एकाच फळीवर होते. पुढे नैसर्गिक नातं धरून मांडणी सुरू झाली. १८०९ मध्ये हॉफमनसेग आणि लिंक यांनी पॉलिगॅलेसी हे स्वतंत्र कुल मांडलं. बेंथॅम-हूकरच्या पद्धतीत, जी आमच्या पिढीने तोंडपाठ केली आणि आपल्या विद्यापीठांत अजून शिकवली जाते, पॉलिगॅला थॅलॅमिफ्लोरीत आणि वाटाणा कॅलिसिफ्लोरीत, अशा दोन निरनिराळ्या गटांत. मध्ये कितीतरी कुलं. क्रॉनक्विस्टने १९८१ मध्ये त्याचा स्वतंत्र गण धरला, पॉलिगॅलेल्स, आणि त्यात आपल्या माधवीलतेचं मालपिघिएसी कुलही घातलं. मी स्वतः अनेक वर्षं हेच शिकवलं.

मग हरितलवकातल्या आरबीसीएल जनुकाची तुलना झाली. १९९३ मध्ये शेकडो सपुष्प वनस्पतींची एकत्र मांडणी आली, तेव्हा पॉलिगॅलेसी वाटाण्याच्या शेजारी येऊन बसलं. १९९८ च्या एपीजी या जनुकांवर आधारलेल्या वर्गीकरणात फेबेल्स गण ठरला तो चार कुलांचा : फेबेसी, पॉलिगॅलेसी, सुरिआनेसी आणि क्विलाजेसी.

पण गंमत पुढे आहे, आणि हीच माझ्या मते मुलांना सांगण्यासारखी गोष्ट. दोघे एका गणातले निघाले म्हणून त्यांचं फूल सारखं, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तसं नाही. वर बघितलंत ना, पंख कशाचे, होडी किती पाकळ्यांची, सगळं वेगळं. एका मोठ्या घराण्यातल्या दोन शाखांनी आपापल्या सामानातून स्वतंत्रपणे एकाच धर्तीचं फूल उभं केलं, कारण गिऱ्हाईक एकच होतं, वजनदार मधमाशी किंवा भुंगा. नातं खरं आहे आणि साम्यही खरं आहे, पण साम्य हा त्या नात्याचा पुरावा नाही. लिनियसची फळी बरोबर निघाली, पण त्याने ज्या कारणाने ठेवलं त्या कारणाने नव्हे.

कुंपणातल्या झुडपाबद्दल : पानं फांदीवर एकाआड एक आहेत की समोरासमोर, ते बघून कळवा. एकाच फांदीवर नाही, निरनिराळ्या चार-सहा फांद्यांवर बघा. मग बोलू.

---

सह्यकडा :

सर, सुरेख प्रतिसाद. एक भर घालतो. आपल्याकडचे पॉलिगॅला इतके बारके असतात की लोक त्यांच्यावरून चालत जातात. पठारांवर पावसाळ्यात गवतात पॉलिगॅला आर्वेन्सिस असतं, पिवळं फूल, वीतभरही उंच नाही, जमिनीलगत पसरलेलं. तिथे पंख हिरवेच राहतात, त्यामुळे ती संदलं आहेत हे सांगावंच लागत नाही. फोटो काढायला पोटावर झोपावं लागतं. आफ्रिकेत त्याच प्रजातीचं (जीनसचं) माणसापेक्षा उंच झुडूप होतं हे वाचून थक्क झालो.

आफ्रिकेत आणि भारतात दोन्हीकडे सापडणारी एखादी जात आहे का?

---

कृष्णाकाठ :

आहे. पॉलिगॅला एरिओप्टेरा. द कान्दोलने १८२४ मध्ये वर्णन केलेली. आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यापासून अरबस्तानातून थेट पश्चिम भारतातल्या रुक्ष प्रदेशापर्यंत तिचा पसारा आहे. बारीक लव असलेली, लहान चणीची. तिच्या पंखांवरची लव भिंगातून बघण्यासारखी असते. हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवरची कोरडी रानं किती सारखी आहेत, हे असल्या वनस्पतींमुळे कळतं.

आर्वेन्सिसच्या हिरव्या पंखांचा मुद्दा तुम्ही नेमका काढलात. संदल रंगलं नाही तर काय दिसतं, ते त्यात उघड होतं. सागरिकाताई सुट्टीवर पावसाळ्यात रत्नागिरीला आल्या तर त्यांनी हे जरूर शोधावं. कुळागरात नाही, सड्यावर, गवतात.

---

सागरिका_केप :

सर, कुंपणातली फुलं उघडली. तुम्ही सांगितलं त्या क्रमाने, पांढऱ्या कागदावर. पंख खरोखरच हिरव्या दलांच्या ओळीतून निघतात, बुडाशी सुईने बाजूला करताना लख्ख दिसलं. नौतल एकसंध आहे. झालर तर भिंगाखाली इतकी देखणी की मुलांनी भिंगासाठी भांडण केलं. पुंकेसर ८. नौतल दाबून सोडायचा खेळ सगळ्यांनी केला.

परागकोशाची छिद्रं एका मुलीला दिसली, मला दिसायला वेळ लागला. किंजपुट कापला तेव्हा दोन कप्पे होते.

आता पानं : बऱ्याच फांद्यांवर एकाआड एक, पण काही ठिकाणी स्पष्ट समोरासमोर. बुडाशी जरा रुंद. टेकडीवरच्या झुडपांवर मात्र न तोडता नुसतं बघितलं, तिथे सगळीकडे एकाआड एक आणि पानं बुडाशी निमुळती. तिथली पानं मी अडीच ते पाच सेंटिमीटर लांब मोजली, रुंदी एक सेंटिमीटरच्या आसपास.

---

कृष्णाकाठ :

म्हणजे कुंपणातलं झुडूप बहुधा संकर आहे. केपमध्ये पॉलिगॅला फ्रुटिकोसा नावाची दुसरी जात आहे, बर्गियसने १७६७ मध्ये वर्णन केलेली. तिची पानं समोरासमोर आणि बुडाशी हृदयाकृती. मिर्टिफोलिया आणि फ्रुटिकोसा यांचा बागेतला संकर म्हणजे पॉलिगॅला डालमेसियाना, एकोणिसाव्या शतकात युरोपात तयार झालेला. बुटका, पसरट, वर्षभर किरमिजी फुलं, फळ सहसा धरत नाही. तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणं त्यात बसतात. नर्सरीवाल्यांना फूल विकायचं असतं, पाटीवर थोरल्याचं नाव पडतं.

म्हणून तुमच्या वहीत मिर्टिफोलियाचं वर्णन टेकडीवरच्या झुडपावरूनच लिहा. कुंपणातलं नमुना म्हणून वापरलंत तर दोन जातींची सरमिसळ एका नावाखाली जाईल. फुलाची अंतर्रचना समजायला ते चाललं, कारण ती दोन्हीकडे सारखी. पानांचं, फळांचं, वाढीचं मोजमाप मात्र रानातलंच हवं.

आणखी एक शेजारी लक्षात ठेवा : पॉलिगॅला विर्गाटा, थुनबर्गचं. सरळसोट, सडपातळ, पानं अरुंद आणि खालची लवकर गळणारी, फुलांच्या लांब मंजऱ्या. एकदा दोन्ही शेजारी बघितलेत की घोटाळा होत नाही. आणि केपमध्येच याच कुलातली म्युराल्टिया ही प्रजाती आहे, फिनबॉसमध्ये, म्हणजे केपच्या झुडपी रानात, तिच्या शंभरहून जास्त जाती. तिच्यात ते दोन पंख इतके मोठे होत नाहीत, पाचही संदलं जवळजवळ सारखी, पुंकेसर ७. फूल बारीक असतं, पण भिंगाखाली नातं लगेच कळतं.

---

डांगे_मेलबर्न :

सगळ्यांचं कौतुक चाललंय म्हणून थोडं कडू बोलतो. हेच पॉलिगॅला मिर्टिफोलिया आमच्याकडे व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर तण आहे. बागेसाठी आणलं आणि किनारी झाडोऱ्यात घुसलं. मी शनिवारी आमच्या भागातल्या स्वयंसेवकांबरोबर किनाऱ्यावर तण काढायला जातो. रोपं लहान असतात तोवर मुळासकट सहज उपटली जातात, मोठं झाड कापावं लागतं. वणव्यानंतर तर जमिनीतून त्याची रोपं गालिच्यासारखी उगवतात आणि मूळच्या झाडांना जागा उरत नाही.

केपमध्ये ते घरचं आहे, तिथे त्याला मान आहे हे मान्य. पण "किती छान, बी मिळेल का" असं कोणी इथे विचारण्याआधी सांगून ठेवतो.

---

भटकभवानी :

मी विचारणारच होते! पुण्यात कुंडीत येईल का म्हणून.

---

कृष्णाकाठ :

डांगेसाहेबांचं म्हणणं मी दोन्ही हातांनी उचलून धरतो. वणव्यानंतर रोपं का उसळतात त्याचं उत्तर बीमध्ये आहे. सागरिकाताईंनी टेकडीवर खाली पडलेलं बोंड उघडलं तर दिसेल : काळसर, बारीक केसाळ बी आणि तिच्या एका टोकाला फिकट, मांसल गाठ. ही गाठ मुंग्यांसाठी. मुंग्या बी ओढून बिळात नेतात, गाठ खातात आणि बी जमिनीखाली सुरक्षित राहते. फिनबॉस हा जळून पुन्हा उगवणारा मुलूख, तिथे ही सोय जीवनमरणाची आहे. तीच सोय दुसऱ्या देशात गेली की तणाची ताकद होते. वनस्पती तीच, गुण तोच, जागा बदलली.

दुसरं कारण त्याहून गंभीर आहे. झायलेला फॅस्टिडिओसा नावाचा जिवाणू झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि रस शोषणारे कीटक तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. इटलीत अपुलियामध्ये २०१३ पासून त्याने ऑलिव्हच्या बागा उद्ध्वस्त केल्या. २०१५ मध्ये तो फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर सापडला, तो शोभेसाठी लावलेल्या पॉलिगॅला मिर्टिफोलियावरच. पानं टोकाकडून करपत येतात. त्यानंतर युरोपात या झुडपाच्या वाहतुकीवर कडक बंधनं आली. द्राक्ष, लिंबूवर्गीय फळं अशी कितीतरी पिकं या जिवाणूला बळी पडतात. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागा डोळ्यांसमोर आणा. कुंडीच्या हौसेपायी कोणीही सामानात बी किंवा छाट आणू नये, ही माझी हात जोडून विनंती.

भवानीताई, पुण्यात टेकडीवर पावसाळ्यात आर्वेन्सिस शोधा. फुकट आहे आणि आपलं आहे.

---

सह्यकडा :

सर, एक तांत्रिक शंका. हल्ली पॉलिगॅला प्रजाती फोडली असं वाचतो. मिर्टिफोलियाचं नाव बदलणार का? ताईंच्या वहीत जुनं नाव नको जायला.

---

कृष्णाकाठ :

नाव आहे तेच राहील. पॉलिगॅला ही फार पसरलेली, अवाढव्य प्रजाती होती आणि जनुकीय अभ्यासात दिसलं की ती एका मुळाची नाही. म्हणून तिच्यातून काही गट वेगळे काढले. अमेरिकेतल्या बहुतेक जाती आता सेनेगा या प्रजातीत गेल्या. पण प्रजातीचं नाव तिच्या नमुनाजातीबरोबर (जिच्यावरून प्रजातीचं नाव ठरतं ती जात) जातं, आणि पॉलिगॅलाची नमुनाजात आहे युरोपातली पॉलिगॅला व्हल्गारिस. आफ्रिकेतल्या मुख्य गटाचं नातं तिच्याशी आहे, त्यामुळे मिर्टिफोलिया पॉलिगॅलातच.

आफ्रिका आणि मादागास्करच्या पॉलिगॅलांवर पोर्तुगालच्या कोइंब्रा विद्यापीठातले जॉर्ज पायवा यांनी १९९८ मध्ये मोठा प्रबंध काढला. हेटेरोसमारा ही प्रजाती त्यांनी पॉलिगॅलातून पुन्हा वेगळी काढून उभी केली, तीही त्यातच. मिर्टिफोलियाचे प्रकार त्यात नीट मांडलेले आहेत. एका प्रकाराची पानं सुईसारखी अरुंद असतात, त्याचं नाव पिनिफोलिया. ताई पूर्वेकडे कधी फिरायला गेल्या आणि सुईपानी झुडपाला हीच फुलं दिसली तर चकित होऊ नये. पानाच्या रुंदीवर या जातीत फार विसंबू नका. पानांची मांडणी, नौतलाची झालर, बोंडाची किनार ही लक्षणं पक्की.

---

सागरिका_केप :

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांच्या वहीसाठी वर्णन लिहिलंय, कृपया तपासा :

"पॉलिगॅला मिर्टिफोलिया, लिनियस. कुल पॉलिगॅलेसी, गण फेबेल्स. बुंध्यापासून फांद्या फुटलेलं, दाट, सदाहरित झुडूप, सुमारे दोन मीटर, आडोशाला चार मीटरपर्यंत. साल करडी-तपकिरी. पानं साधी, एकाआड एक, लंबगोल, अडीच ते पाच सेंटिमीटर लांब, कडा अखंड, उपपर्णं नाहीत. फुलं फांद्यांच्या टोकाला आखूड मंजरीत, जांभळी, गडद शिरांची, क्वचित पांढरी. संदलं ५, त्यातली ३ लहान व हिरवट, आतली २ मोठी व पाकळ्यांसारखी. पाकळ्या ३, खालची नौतल होऊन टोकाला झालर असलेली. पुंकेसर ८, केसरतंतू जुळून वरून उघडी पन्हळ. किंजपुट दोन कप्प्यांचा. फळ चपटं बोंड, कडेला पातळ किनार, बिया २, काळसर, केसाळ, एका टोकाला फिकट गाठ. फॉल्स बेच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांवर. वाटेच्या कडेला, खडकांत, रानाच्या काठानेही. भुंगे येतात."

बोंड टेकडीवर खाली पडलेलं मिळालं, तिथेच उघडलं आणि तिथेच ठेवलं. गाठ दिसली. एक बी मुंगी ओढत नेतानाही दिसली, पण वर्णनात ते घालावं का कळेना.

---

कृष्णाकाठ :

घाला! मुंगी जरूर घाला, आणि ज्या दिवशी दिसली ती तारीखही. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं आणि पुस्तकातून घेतलेलं यांत फरक दिसू द्या. भुंगे तुम्ही बघितलेत का? बघितले असतील तर कोणत्या वेळी, ते लिहा. नसतील तर तो शब्द पुस्तकाचा आहे अशी खूण करा. चार मीटरची उंची तुम्ही मोजली नसावी, तिथेही तसंच.

दोन दुरुस्त्या. "गण फेबेल्स" लिहिलंत, तिथे एका ओळीत वाटाण्याशी फरक द्या : शेंग नाही, बोंड. मुलांचा पहिला प्रश्न तोच असणार. आणि पंखांचं मोजमाप राहिलं. टेकडीवरच्या फुलाशेजारी पट्टी धरून, न तोडता, लांबी टिपा. एका फुलाची नको, निरनिराळ्या झुडपांवरच्या फुलांची घ्या आणि सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठी असं लिहा.

बाकी वर्णन छापण्यासारखं आहे. पुढचं झाड म्युराल्टिया घ्याल का? पाच संदलं जवळजवळ सारखी असतात म्हणजे काय, ते मुलांना पॉलिगॅलाच्या शेजारी ठेवूनच कळेल.

---

सागरिका_केप :

भुंगा बघितला, सकाळी दहाच्या सुमाराला, उन्हात. झालरीवर बसला की फूल खाली झुकतं. तसं लिहिते. पट्टी घेऊन रविवारी जातो सगळे. म्युराल्टियाचा धागा वेगळा काढीन.